ई.एन. बाथ बिघडला तर: काही ओतण्याआधी

ई.एन. म्हणजे इलेक्ट्रोलेस निकेल: विजेशिवाय धातूवर निकेलचा थर चढवायची पद्धत, आणि बाथ म्हणजे त्यासाठीचं द्रावण. साकीनाका, कुर्ला, वसईच्या प्लेटिंगच्या गाळ्यांतून मला जे फोन येतात त्यांची सुरुवात ठरलेली असते. "बाथ चालत नाहीये." आणि लगेच पुढचं वाक्य: "थोडं हायपो टाकलं, थोडा अमोनिया मारला, तरी फरक नाही." हे दुसरं वाक्य ऐकलं की वाईट वाटतं, कारण तोवर मूळ दोषावर आणखी दोन दोष चढलेले असतात. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे: आधी काय बघायचं, मग काय मोजायचं आणि त्यानंतरच कशाला हात लावायचा. आकडे मध्यम फॉस्फरसच्या, म्हणजे थरात ६ ते ९ टक्के फॉस्फरस देणाऱ्या आम्लधर्मी बाथचे आहेत. तुमच्या पुरवठादाराच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो धरा; क्रम बदलू नका.

या बाथचा स्वभाव आधी समजून घ्या. साध्या प्लेटिंगमध्ये जोर बाहेरून, रेक्टिफायरमधून म्हणजे विजेतून येतो. स्विच बंद केला की काम थांबतं. इथे तो जोर द्रावणातच साठवलेला असतो, हायपोच्या म्हणजे सोडियम हायपोफॉस्फाइटच्या रूपात. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या अब्नर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल यांनी १९४६ साली ही पद्धत मांडली, ती एका विचित्र निरीक्षणातून. निकेलच्या विजेवर चालणाऱ्या बाथमध्ये हायपो घातल्यावर विजेच्या हिशेबाने बसायला हवा त्याहून जास्त थर बसू लागला. तो जास्तीचा थर हायपोने दिलेला होता. हा जोर सतत बाहेर पडायला टपलेला असतो आणि त्याला आवर घालायला लिटरमागे मिलिग्रॅमभर, म्हणजे १ पीपीएमच्या आसपास स्टॅबिलायझर असतो. एवढ्या नाजूक तोलात अंदाजाने काही ओतणं म्हणजे सोनाराच्या काट्यावर फावड्याने माल घालणं.

पहिलं काम: पातळी, तापमान, पीएच

याच क्रमाने. पातळी आधी, कारण ८८ अंशांवरच्या टाकीतून दिवसभर पाणी उडत असतं. पातळी खाली असताना नमुना घेतला तर निकेल जास्त दाखवतं, तुम्ही डोस देत नाही आणि संध्याकाळी पाणी भरलं की बाथ पातळ पडतो. त्यामुळे टाकीवर आतून रेघ मारून ठेवा, डीआय (क्षार काढलेलं) पाणी रेघेपर्यंत भरा, दहा मिनिटं फिरू द्या आणि मगच नमुना काढा. हे पाणी डीआयच हवं. महापालिकेचं तलावाचं पाणी बरंच मऊ असतं, पण गाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी कधी मिसळतं ते आपल्याला कळत नाही. त्यातलं कॅल्शियम बाथमधल्या ऑर्थोफॉस्फाइटशी (हायपो खर्च झाल्यावर उरणारं द्रव्य) बांधलं जातं, बारीक पांढरा गाळ धरतो आणि जॉब, म्हणजे प्लेटिंगचे नग, खरखरीत निघतात.

तापमान कंट्रोलरच्या पडद्यावर बघू नका. काचेचा थर्मामीटर घ्या आणि टाकीच्या दोन टोकांना, वर आणि खाली, चार जागी बुडवा. ८५ ते ९० अंश सेल्सिअस हवं. १० अंश खाली आलं की थर बसण्याचा वेग जवळपास निम्मा होतो. चार जागांत तीन-चार अंशांचा फरक दिसला तर दोष ढवळण्यात आहे, आणि हीटरजवळचा भाग कंट्रोलर सांगतो त्याहून खूप तापलेला आहे असं समजा.

पीएच ४.६ ते ५.० च्या मध्ये, बहुतेक बाथना ४.८. नमुना घरच्या तापमानाला गार करून, ४ आणि ७ च्या बफरवर त्याच सकाळी लावलेल्या मीटरने मोजा. पीएच पेपर इथे फसवतो. बाथच्या हिरव्या रंगात पेपरचा रंग नीट वाचताच येत नाही. पीएच खाली गेला की वेग पडतो आणि थरातला फॉस्फरस वाढतो. वर गेला की वेग वाढतो, फॉस्फरस घटतो आणि बाथ अस्थिर होतो. वर आणायला समप्रमाणात पाणी मिसळलेला अमोनिया किंवा पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण वापरा, बारीक धारेने, जोरात ढवळणाऱ्या जागी. कॉस्टिक सोड्याचं घट्ट द्रावण टाकलंत तर जिथे पडेल तिथे निकेल हायड्रॉक्साइडचे हिरवे कण धरतात. खाली आणायला १० टक्के सल्फ्युरिक.

माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपल्या आहेत. संपली नाही तर पुढे.

दुसरं काम: निकेल आणि हायपो

प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेच्या सामानाची दुकानं आहेत. तिथून एक ब्युरेट, दोन पिपेट आणि चार कोनिकल फ्लास्क आणलेत की तुमची प्रयोगशाळा तयार. सकाळी पूजा करून अगरबत्ती लावण्याइतकं हे रोजचं झालं पाहिजे.

निकेलसाठी: ५ मिलि गार नमुना, १०० मिलि डीआय पाणी, १० मिलि अमोनिया, चिमूटभर म्युरेक्साइड (रंग बदलून शेवट दाखवणारी पूड). रंग पिवळसर तपकिरी येतो. ०.०५ मोलर ईडीटीए थेंबाथेंबाने सोडा. रंग झटकन जांभळा झाला की थांबा. ब्युरेटचा आकडा गुणिले ०.५८७ म्हणजे लिटरमागे ग्रॅम निकेल. ६ ग्रॅमच्या बाथला १०.२ मिलि लागतात.

हायपोसाठी: ५ मिलि नमुना, निम्मं पाणी मिसळलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल २५ मिलि, ०.१ नॉर्मल आयोडीन बरोबर ५० मिलि. बूच लावून अर्धा तास अंधारात ठेवा. हा अर्धा तास कापू नका. घाई केलीत तर हायपो कमी दिसेल, तुम्ही जास्त टाकाल आणि पुढचं संकट त्यातूनच उभं राहील. मग ०.१ नॉर्मल थायोसल्फेट सोडा, रंग फिकट पिवळा झाल्यावर स्टार्च घाला आणि निळा जाईपर्यंत पूर्ण करा. ५० मधून थायोसल्फेटचा आकडा वजा करून १.०६ ने गुणा. उत्तर लिटरमागे ग्रॅम हायपो. २५ ते ३० च्या दरम्यान हवं.

आता डोस. समजा टाकी १०० लिटरची आहे आणि निकेल ६ ऐवजी ५.१ आलं. कमी पडलं ९० ग्रॅम. निकेल सल्फेटच्या खड्यांत सुमारे २२ टक्के निकेल असतं, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम सल्फेट. एक ग्रॅम निकेल बसायला सरासरी ५ ग्रॅम हायपो खर्च होतो, म्हणून हायपो ४५० ग्रॅमच्या आसपास. पण तुमच्या टायट्रेशनचा आकडा या सरासरीपेक्षा मोठा. पुरवठादाराची तयार ए (निकेल) आणि सी (हायपो) द्रावणं वापरत असाल तर तीच भाषा मिलिलिटरमध्ये. दोन्ही एकत्र, एकाच जागी कधीही ओतू नका. आधी निकेल, ते पूर्ण फिरल्यावर हायपो, दोन्ही पातळ करून, फिल्टरचं पाणी टाकीत परत पडतं तिथे, हीटरपासून लांब. हीटरच्या तापलेल्या अंगावर हायपोची घट्ट धार पडणं हे बाथ फुटण्याचं, म्हणजे सगळ्या द्रावणात एकदम निकेल सुटण्याचं, एक नेहमीचं कारण आहे.

वेग खरोखर किती आहे?

"स्लो चालतोय" हे माप नाही. १० बाय ५ सेंटिमीटरची पातळ माइल्ड स्टीलची पट्टी घ्या. दोन्ही बाजू मिळून क्षेत्रफळ बरोबर १ चौरस डेसिमीटर. स्वच्छ करून सुकवून ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोला, टाकीत अर्धा तास ठेवा, धुवून सुकवून पुन्हा तोला. या पट्टीवर १ मायक्रॉन थराचं वजन ०.०८ ग्रॅम भरतं. वजन ०.६४ ग्रॅमने वाढलं असेल तर ८ मायक्रॉन, म्हणजे तासाला १६. मध्यम फॉस्फरसला १५ ते २० हवं. काटा हजार-दोन हजारांचा असतो आणि तो महागड्या थिकनेस मीटरची बरीच कामं करतो.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट उघडी पडते. १०० लिटरच्या टाकीत ८० चौरस डेसिमीटरचा माल टांगलात, म्हणजे लिटरमागे ०.८, तर १७ मायक्रॉनच्या वेगाने तासाला सुमारे १०९ ग्रॅम थर बसतो. त्यात निकेल १०० ग्रॅम. बाथमध्ये एकूण निकेलच ६०० ग्रॅम! एका तासात सहावा भाग गेला. निकेल १० ते १५ टक्क्यांहून जास्त उतरू द्यायचं नाही हा नियम पाळायचा तर दर अर्ध्या तासाने डोस द्यावा लागतो. कारागीर जेवायला गेला आणि डोस दोन तासांनी एकदम पडला तर एकाच लॉटमध्ये आधीचा थर वेगळा, नंतरचा वेगळा. ढोबळ जॉबना ते चालून जातं, पण हायड्रॉलिक स्पूलवर ग्राइंडिंगच्या वेळी थर सुटतो आणि माल परत येतो. टाकी भरताना माल मोजून भरा: लिटरमागे ०.६ ते १.२ चौरस डेसिमीटर. फार कमी माल टांगला तरी त्रास होतो. ढवळण्याबरोबर स्टॅबिलायझर थोड्याच पृष्ठभागावर एकवटतो आणि कडा कोऱ्या राहतात.

दोष बाथचा की जॉबचा

आकडे सगळे बरोबर, तरी माल वाईट. अशा वेळी टाकीला हात न लावता तीन बीकर मांडा. मला कुणी एकच युक्ती शिकवायला सांगितली तर मी हीच शिकवीन.

बीकर थेट हॉट प्लेटवर नको, तळ जास्त तापतो. गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. पहिल्या दोन्हींत टाकीतला बाथ, तिसऱ्यात निम्मा टाकीतला आणि निम्मा नवा बनवलेला. पहिल्यात तुमच्या नेहमीच्या लायनीतून, म्हणजे डिग्रीसिंग (तेल काढणं), इलेक्ट्रोक्लीन (विजेने सफाई), पिकलिंग (आम्लात गंज काढणं) करून आलेली पट्टी. दुसऱ्या आणि तिसऱ्यात हाताने बारीक पॉलिश पेपर मारून, ताज्या आम्लात अर्धा मिनिट बुडवून, डीआय पाण्याने धुतलेली पट्टी. ८८ अंशांवर वीस मिनिटं.

पहिली वाईट आणि दुसरी चांगली आली तर बाथ निर्दोष आहे. दोष तुमच्या साफसफाईत आहे. डिग्रीसर थकलाय, पिकलिंगच्या आम्लात लोखंड साठलंय किंवा धुण्याच्या टाकीत तेलाचा तवंग आहे. पहिल्या दोन वाईट आणि तिसरी चांगली आली तर बाथमध्ये काहीतरी परकं शिरलंय, किंवा तो म्हातारा झालाय. तिन्ही वाईट आल्या तर डीआय पाणी आणि पट्टीचा धातू तपासा. तिन्ही चांगल्या आल्या तर बिघाड टाकीतल्या परिस्थितीत आहे: ढवळणं, गळका हीटर, जिगवरून (माल टांगायचा सांगाडा) येणारी घाण, शेजारच्या क्रोमच्या टाकीचे शिंतोडे.

धातूचं भान ठेवा. स्टील बुडताच बुडबुडे सोडतं. तांबं-पितळ नुसतं बुडवून सुरू होत नाही. लोखंडी तार क्षणभर टेकवा किंवा निकेल स्ट्राइक (विजेने दिलेला पातळ पहिला थर) द्या. स्टेनलेसला वुड्स निकेल स्ट्राइक हवाच, लिटरमागे २४० ग्रॅम निकेल क्लोराइड आणि १२५ मिलि हायड्रोक्लोरिक. ॲल्युमिनियमला दोनदा झिंकेट, म्हणजे जस्ताचा पातळ थर. यातलं काही वगळून थर सोलला गेला तर त्यात बाथचा काय दोष?

शिसं: माझ्याकडे घडलेली गोष्ट

एका पार्टीचे बुश आले. चलनावर "एम.एस. बुश" एवढंच. पहिला लॉट छान गेला, दुसऱ्यात आट्यांची टोकं निस्तेज, तिसऱ्यात कडा कोऱ्या आणि पट्टीचा वेग तासाला ९ मायक्रॉन. निकेल, हायपो, पीएच सगळं जागेवर. तिसरा बीकर मात्र चांगला आला. मग पार्टीला नीट विचारलं तेव्हा कळलं की बुश शिसं घातलेल्या फ्री-कटिंग स्टीलचे आहेत. मी आधी विचारलं नव्हतं, ही चूक माझी.

शिशाचा हिशेब भयंकर आहे. बऱ्याच बाथमध्ये स्टॅबिलायझर शिसंच असतं, १ पीपीएम. १०० लिटरमध्ये ते भरतं फक्त ०.१ ग्रॅम. फ्री-कटिंग पितळेत साधारण ३ टक्के शिसं असतं. म्हणजे अशा पितळेचा ३.३ ग्रॅमचा कीस बाथमध्ये विरघळला तर स्टॅबिलायझर दुप्पट झाला. टाकीच्या तळाशी पडून राहिलेला एक पितळी नट पुरेसा आहे. जस्त आणि कॅडमियमही असेच बाथ मारतात. झिंक डायकास्ट उघडं बुडवू नका, आधी तांब्याचा स्ट्राइक.

अशा वेळी उपाय असा: तळ चुंबकाने आणि चिमट्याने साफ करा (पितळ चुंबकाला लागत नाही, हे विसरू नका), मग स्टीलचे स्वच्छ पत्रे भरपूर पृष्ठभागाचे टांगून त्यांवर प्लेटिंग चालू ठेवा. थराबरोबर शिसंही बसत जातं. दर अर्ध्या तासाने तोललेली पट्टी टाका. वेग परत आला की थांबा. माझा बाथ असाच दिवसभरात परतला. आता प्रत्येक नव्या पार्टीच्या चलनावर मी धातूचा ग्रेड लिहून घेतो, आणि शिशाचा माल असेल तर निकेल स्ट्राइक केल्याशिवाय तो ई.एन.मध्ये जात नाही.

खरखर, खड्डे, रेघा

खरखर म्हणजे कण. फिल्टर बॅग पॉलिप्रॉपिलीनची, १ ते ५ मायक्रॉन, आणि पंप असा की तासाभरात टाकीचा बाथ दहा वेळा फिरावा. नवी बॅग गरम पाण्यात धुऊन घ्या. बॅगेला आतून निकेल चढलं की लगेच बदला, कारण तोच निकेल पुढे बाथचं निकेल खायला लागतो. खड्डे बहुतेक तेलाचे किंवा चिकटलेल्या हायड्रोजनच्या बुडबुड्यांचे. कॉम्प्रेसरची हवा बाथला देऊ नका, तिच्यात तेल असतं, ब्लोअर लावा. आंधळी भोकं खाली तोंड करून टांगलीत तर गॅस आतच अडकणार. उभ्या रेघा दिसल्या तर क्लीनरमधला सिलिकेट नीट धुतला गेला नाही असं समजून धुण्याची एक टाकी वाढवा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर मुंबईत पिकलिंग आणि प्लेटिंग यांच्यात माल थांबवणं धोक्याचं. दमट हवेत ओल्या स्टीलवर दोन मिनिटांत पिवळट गंज येतो आणि तो थराखाली गाडला जातो. जागा अपुरी असली तरी टाक्या अशा मांडा की पिकलिंग, दोन धुणी आणि ई.एन. सलग येतील, पण हायड्रोक्लोरिकच्या वाफा ई.एन.वर येणार नाहीत इतकं अंतर आणि एक्झॉस्ट हवाच.

त्याहून मोठा धोका विजेचा. वीज गेली की पंप थांबतो, आणि परत येते तेव्हा हीटर सुरू होतो पण पंप कधी हवेमुळे अडकलेला असतो. न हलणाऱ्या बाथमध्ये तापलेला हीटर म्हणजे बाथ फुटण्याची तयारी. पंप फिरत नसेल तर हीटर लागूच नये असा इंटरलॉक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. खर्च एका कॉन्टॅक्टरचा आणि फ्लो स्विचचा.

बाथ फुटतोय असं दिसलं तर

जॉबवर नव्हे, सगळ्या द्रावणातून आणि टाकीच्या भिंतींवरून बारीक बुडबुडे येऊ लागले, काळी पूड दिसू लागली की विचार करत बसू नका. हीटर बंद. माल बाहेर. एक्झॉस्ट पूर्ण आणि जवळ ठिणगी, वेल्डिंग काही नको, कारण सुटतोय तो हायड्रोजन आहे. थंड डीआय पाणी आणि थोडं पातळ सल्फ्युरिक घालून तापमान आणि पीएच दोन्ही खाली आणा. ६५ अंशांच्या खाली आल्यावर फिल्टरमधून दुसऱ्या स्वच्छ टाकीत काढा.

मूळ टाकीवर चढलेला निकेल काढायला ४० ते ५० टक्के नायट्रिक लागतं. त्यातून निघणारा तपकिरी धूर फुप्फुसांना इजा करतो आणि त्रास कधी कधी काही तासांनी उफाळतो. "आता तर बरा होता" असं म्हणायची वेळ येऊ नये. चेहऱ्यावर शील्ड, आम्लवायूचा रेस्पिरेटर, लांब हातमोजे आणि दारं-खिडक्या उघड्या. निकेलच्या द्रावणानेही हातांना खाज सुटून कायमची ॲलर्जी होते, त्यामुळे हातमोजे रोजच हवेत. नायट्रिक काढल्यावर टाकी, पंप, पाइप, फिल्टरचं भांडं सगळं दोनदा धुवा, पातळ अमोनियाने उदासीन करा, पुन्हा धुवा आणि शेवटच्या पाण्यात नायट्रेटची पट्टी बुडवून बघा. थोडं नायट्रेट उरलं तरी नवा बाथ मंद चालतो, आणि त्याचं कारण नंतर सापडत नाही.

वय मोजा, आणि निरोप नीट द्या

१०० लिटर बाथमध्ये निकेल ६०० ग्रॅम. डोस देता देता एकूण ६०० ग्रॅम निकेल घातलंत की एक टर्नओव्हर. वहीत रोजच्या डोसची बेरीज ठेवली की हे आपोआप कळतं. दर टर्नओव्हरला लिटरमागे २५ ते ३० ग्रॅम ऑर्थोफॉस्फाइट साठतो, सल्फेट आणि सोडियम वेगळे. बाथ जड होतो, वेग घटतो, चमक जाते, थरात ताण वाढतो. हायड्रोमीटरने नव्या बाथचं वाचन लिहून ठेवा आणि दर आठवड्याला ते कसं चढतं ते पहा. वय वाढेल तसा पीएच ०.१ ने आणि तापमान एक-दोन अंशांनी वर ठेवलं तर वेग सावरतो. अनेक बाथ ६ ते १० टर्नओव्हर देतात, पण गंजरोधक काम करणाऱ्यांनी शेवटपर्यंत ताणू नये. रोज थोडा जुना बाथ काढून तेवढाच नवा घालण्याची पद्धत लावलीत तर वय एका पातळीवर स्थिर राहतं आणि मालही रोज सारखा निघतो. खर्च जास्त वाटतो. माल परत येण्याचा खर्च त्यात धरून पहा.

संपलेल्या बाथमधलं निकेल चुना टाकून नीट खाली बसत नाही, कारण कॉम्प्लेक्सिंग द्रव्यं त्याला धरून ठेवतात. तो बाकीच्या सांडपाण्यात मिसळलात तर तिथलं निकेलही बसेनासं होतं. पीएच वाढवून, गरम ठेवून, स्टीलच्या लोकरीवर उरलेलं निकेल चढवून घ्या, मग द्रावण बंद कॅनमध्ये भरा, लेबल लावा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीप्रमाणे तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवा. पावती त्याच वहीत चिकटवा. साकीनाक्याच्या गटाराचं पाणी मिठी नदीत जातं, आणि मिठी माहीमच्या खाडीत.